मावळतीला वळवलेला अँटेना

सोनईच्या शिवारात वस्तीवर राहणाऱ्या सहादेवाने पाच वर्षांमागे भावकीसमोर सांगून टाकलं होतं, की अश्विनीचं नाव या दारात कुणी काढायचं नाही. पोरीने कॉलेजातल्या हर्षलशी आपल्या मनाने लग्न केलं आणि कोल्हारला संसार थाटला, एवढाच तिचा गुन्हा. पण माणूस चारचौघांत बोलून बसला, की तो शब्द त्याला गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही. सहादेवाचं तसंच झालं होतं.

त्या दिवशी न्याहारीला भाकरी वाढता वाढता त्याची बायको पुष्पावती चुलीकडे बघून म्हणाली, "कोल्हारच्या पेरूच्या बागा दाखवनार हायेत म्हनं आज. सांजच्याला. शेतीच्या कार्यक्रमात."

कोल्हारात पेरूची बाग कुणाची, हे सहादेवाला पक्कं ठाऊक होतं. त्याने अर्धी भाकरी तशीच ठेवली, हात धुतला आणि गोठ्याच्या माळ्यावरून जुना अँटेना खाली काढला.

शेजारी चुलतभाऊ काकासाहेबाच्या घरावर डिशची छत्री होती. तिथे जाऊन बसलं असतं तर काचेसारखं चित्र दिसलं असतं. पण ज्या काकासाहेबासमोर शपथ घातली, त्याच्याच सतरंजीवर बसून पोरगी बघायची? त्यापेक्षा अँटेना बरा. घरातला ठोकळा टीव्ही अजून चालू होता, आणि नगरचा दूरदर्शनचा टॉवर बंद होणार होणार म्हणत अजून बंद झाला नव्हता. सहादेवाने काड्यांवरची कबुतरांची घाण खरवडली, चपटी वायर सोलून जोडली आणि दिवस कलल्यावर शिडी लावून तो स्लॅबवर चढला.

"दिसतंय का?"

"न्हाई! नुसत्या मुंग्या!" घरातून पुष्पावती ओरडली.

त्याने पाईप फिरवला. पुन्हा विचारलं. पुन्हा मुंग्या. हे वरून विचारणं आणि खालून सांगणं दोघांच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्यांच्या संसारातलं सगळ्यात लांबलचक संभाषण तेच असायचं, असं म्हटलं तरी चालेल. पण आज काही केल्या जमेना. वेळ होत आली, तसा सहादेवाचा जीव वरखाली होऊ लागला.

अंगणात उभ्या काकासाहेबाला राहवलं नाही. "आरं सहादू, टॉवर नगरला हाय, दक्षिनंला. तू मावळतीला काय धरून बसलाय?"

सहादेवाने वर पाहिलं. अँटेनाचं तोंड सरळ कोल्हारकडे होतं. पोरगी तिकडे राहते म्हणून चित्रही तिकडूनच येणार, असं त्याच्या हातांनीच ठरवून टाकलं होतं. तो चांगलाच ओशाळला.

"बाजारभाव बघायचेत," तो उगाच म्हणाला आणि पाईप नगरकडे वळवला.

"आलं! आलं!" पुष्पावतीचा आवाज चिरकला. "आता हलवू नका!"

त्याने पाईप तारेने बांधायला हात काढला, तर लगेच "गेलं!" धरला की आलं, सोडला की गेलं. शेवटी तो पाईपला मिठी मारून उभा राहिला. खाली पोरगी बोलत होती आणि त्याला ऐकू येत होती फक्त कुजबुज. फक्त एकदा बघायची होती. एवढंच.

"अगं," तो वरून ओरडला, "वाळलीय का गं अश्विनी? अंगावर काय हाय तिच्या?"

नाव तोंडातून निघून गेलं. सगळ्या वस्तीने ऐकलं. गोठ्यापाशी धार काढणारी काकासाहेबाची सूनही थांबली.

काकासाहेब हळूच म्हणाला, "सहादू, उतर खाली. आमच्याकडं लई सोच्छ दिसतीय. घरातली समदी मघापासनं तिलाच बघत्यात."

"मी सोडलं तर हिचं चित्र जाईल."

"जावा तुमी," पुष्पावती दारात येऊन म्हणाली. "मी बघितली पोटभर."

तिने कुठली पोटभर बघितलेली? पण ती तसंच म्हणाली. सहादेव शिडीवरून उतरला की घसरला, हे त्यालाही कळलं नाही. अनवाणीच धावत काकासाहेबाच्या पडवीत शिरला, तर पडद्यावर एक साहेब फवारणीची माहिती देत होते.

"आत्ताच संपलं तिचं," काकासाहेब म्हणाला, अगदी अपराध्यासारखा.

सहादेव उंबऱ्यावरच टेकला. मग मान वर न करता त्याने विचारलं, "तिचा नंबर असंल ना तुझ्याकडं?"

काकासाहेबाकडे होता. भावकीत सगळ्यांकडेच होता. त्याने फोन लावून दिला.

"हॅलो, काका!" पलीकडून तीच घाई, तोच आवाज. "बघितलं का? नीट बोलले ना मी? काका, आबांनी बघितलं असेल का हो?"

पाच वर्षांनी 'आबा' ऐकून सहादेवाने फोन दोन्ही हातांनी धरला.

"न्हाई बाई," तो म्हणाला, "मला न्हाई दिसली तू. घरी ये."