बेटांची ओटी

तिसरं बेट मागे लागलं, तेव्हा कुठे दामोदर केळसकरानं बायकोकडे तक्रार केली. पहिल्या दोन बेटांबद्दल तो काही बोलला नव्हता. दोन म्हणजे काही गर्दी नव्हे, आणि तीही बिचारी अदबीनं, अंतर ठेवून येत होती. होडीनं दिशा बदलली की तीही बदलत. वारा पडला की थांबत, आणि थांबल्यावर त्यांचे माड जरा वेळ पुढेमागे डुलून मग स्थिर होत.

"कुमुद, आणखी एक आलंय," तो म्हणाला.

"दिसलं मला. गोड्या विहिरीवालं ना? येऊ दे. एकटं मागे राहून काय करील?"

कुमुदचं हे असंच होतं. तिला काहीही सांगायला जा, ते तिला आधीच ठाऊक असे. दामोदरची सारी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत गेली होती. त्यानं जगातले सगळे समुद्र ओलांडले होते, पण पाण्याच्या पातळीखाली बसून, नुसत्या आवाजावरून. संसार झाला तो टपालानं. म्हणून निवृत्त झाल्याबरोबर त्यानं ही शिडाची होडी घेतली, हर्णैहून बायकोला उचललं आणि तो दक्षिणेकडे, गरम पाण्यातल्या बेटांकडे निघाला. उरलेले दिवस दोघांनी एकत्र काढायचे, मधे तिसरं कुणी नको, एवढंच त्याचं मागणं होतं. कप्तान आपणच होणार हे त्यानं अर्थातच गृहीत धरलं होतं. पण खाडी ओलांडणाऱ्या तरीपलीकडे कधी न गेलेली कुमुद पहिल्याच आठवड्यात सुकाणूवर जाऊन बसली आणि कप्तानसाहेब दोऱ्या ओढायला उरले.

त्याचं त्याला वाईट वाटत नसे. उलट तिच्याकडे बघून त्याचं मन भरत नसे. वाऱ्याला ती व्याह्यासारखं वागवी. मान सगळा द्यायचा, पण बेसावध राहायचं नाही. मानेवरचे केस हलले की ती शीड सैल सोडायला सांगे, आणि नेमकं तेव्हाच ते सोडायचं असे. होडी एका अंगावर कललेली असताना ती आंबोळ्या घाली आणि त्या गोल होत. हिला आपण इतकी वर्षं हर्णैला ठेवली तरी कशी, असं त्याला रोज वाटे, आणि तो ते तिला बोलूनही दाखवी.

"पुरे झालं कौतुक. दोरी ओढा," ती म्हणे.

चौथं बेट आलं, त्यामागून पाचवं. आता ती मागे राहीनात. दोन उजवीकडून, दोन डावीकडून आणि थोरलं पुढून, अशी ती होडीला बिलगून चालू लागली. समुद्राची खाडी झाली, खाडीचा ओढा झाला. चहाची पूड घ्यायला दामोदर खालचं कपाट उघडी, तर आत ओहोटी लागलेली असे आणि ओल्या वाळूवर खेकड्यांची लगबग चाललेली असे. तो डबा शोधून काढी, झटकी आणि कपाट लावून घेई. मग एका सकाळी तो जागा झाला, तर बिछान्यात त्याच्या आणि कुमुदच्या मधे वाळूचा एक लांबट बांध पडला होता. बांधावर बोटभर उंचीचा एक माडही उगवला होता.

"कुमुद, ही बिछान्यात आली."

"लेकी त्या. आईजवळच येणार."

केळसकरांना मूलबाळ नव्हतं. लेकी म्हटल्यावर दामोदरनं बांधाला धक्का न लावता आपले पाय आवरून घेतले. कुमुद उठली, होडीच्या टोकाशी जाऊन बसली आणि वाकलेल्या माडांच्या वाळक्या झावळ्या एकेक करून काढू लागली. बेटं उन्हात लोळत होती. माहेरी आलेल्या मुली जेव्हा उठतात, तेव्हाच ती उठणार होती.

त्या दिवशी होडीभोवती न्हाणीघराएवढं पाणी उरलं. तळ वाळूला टेकला. शीड दांडीवरच्या धुण्यासारखं लोंबू लागलं. क्षितिज कुठेच नव्हतं, चहूकडे नुसते बुंधे होते. कुमुदनं मानेवर हात नेला, तिथले केस चाचपले आणि तसाच हात ठेवून ती बसून राहिली.

"वारा कुठाय हो?" तिनं विचारलं.

कुमुदनं दामोदरला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. जमिनीच्या मधोमध अशी रुतून बसलेली कुमुद त्याला बघवेना. होडी गेली तर गेली, पण हिचा वारा जाता कामा नये. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि बिघडलेलं इंजिन तपासावं तसं त्यानं अगदी पहिल्यापासून सुरू केलं.

"पहिलं बेट सोडताना तू काय केलंस?"

"काय म्हणजे? ओटी भरली. तिच्याकडे राहिलो, तिचं पाणी प्यालो, तिला काय रिकाम्या ओटीनं सोडायचं? खण, तांदूळ, नारळ, हळदकुंकू, सगळं घातलं. पाचही जणींची भरली."

"पण निघत कोण होतं?"

"आपण."

"मग ओटी कुणाची भरायची?"

कुमुदनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! निघणारीची."

"त्यांना वाटलं, आपल्यालाच निरोप दिला. मग त्या निघाल्या. जाणार कुठे? ओळख तुझीच."

"देवीची नाही का आपण भरत? देवी उठून चालायला लागते का?"

"देवीला देऊळ असतं, कुमुद. ह्या उघड्यावरच्या."

दामोदरला हुरूप आला. एखादी झडप उलटी बसली असेल तर ती काढून सुलटी बसवायची, यात अवघड ते काय? यजमानीण बेटं, पाहुणी कुमुद. त्यांनी हिची ओटी भरायची, म्हणजे त्या घरी राहतील आणि ही निघेल.

"आणि तुमचं?" कुमुदनं विचारलं.

"माझं काय? बायकोची ओटी भरली की नवरा आपसूक मागून निघतो. आजवर कुठल्या घरी मला एकट्याला ठेवून घेतलंय?"

कुमुद हसली. तोंड धुऊन, केस नीट बांधून ती होडीच्या टोकाशी उभी राहिली आणि तिनं पदर पसरला. बेटांना लगेच समजलं. थोरलीनं माड वाकवून पदरात अलगद एक नारळ सोडला. दुसरीनं तांदळासारखी पांढरी वाळू घातली. गोड्या विहिरीवालीनं ओंजळभर पाणी घातलं, आणि ते पदरातून गळलं नाही. चौथीनं आपल्या सावलीचा चौकोनी घडी घातलेला तुकडा वर ठेवला. पाचवीनं केतकीचं एक मूळ लांबवून कुमुदच्या कपाळाला लाल माती लावली. मग पाचही जणी मागे सरल्या, समोर पाणी मोकळं झालं आणि वारा आला.

कुमुद निघाली. होडी निघाली नाही, कुमुद निघाली. भरलेला पदर फुगला, तिनं टोकावरून खाली पाऊल टाकलं आणि लादलेल्या गलबताला पाणी तोलून धरतं तसं पाण्यानं तिला घोट्यापर्यंत बुडवून तोलून धरलं.

"अहो, या ना!" ती म्हणाली.

दामोदरनं पाय उचलला. तो होता तिथेच पुन्हा टेकला. "जरा थांब!"

"भरल्या ओटीनं थांबता येत नाही हो!"

तिनं मान वळवली, पण तिचे पाय वळेनात. पुढे खडकांमधली चिंचोळी वाट होती. वारा डावीकडून आला तसा तिनं खांदा जरासा पाडला, आणि कुठेही न घासता ती त्यातून पार झाली. "वा!" दामोदरच्या तोंडून निघून गेलं. इतकं डौलदार शीड त्यानं कुठल्या बंदरात पाहिलं नव्हतं. हिच्यावाचून त्याला एक दिवससुद्धा नको होता, आणि हिला निघायला त्यानंच सांगितलं होतं.

"पदर पसरा!" लांबून तिची हाक आली. "त्यांच्याकडे मागा!"

दामोदरला पदर नव्हता. जन्मात कधी कुणापुढे हात पसरायची वेळ त्यानं स्वतःवर येऊ दिली नव्हती. त्यानं सदऱ्याची पुढची बाजू दोन्ही हातांत धरून पसरली आणि तो थोरलीकडे तोंड करून उभा राहिला.

"भर गं, बाई," तो म्हणाला. "मलाही जायचंय."

बेटं घोटाळली. पुरुषाची ओटी भरलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांचे माड एकमेकांकडे वाकून काहीतरी विचारू लागले. तिकडे कुमुद अंगठ्याएवढी झाली, मग नखाएवढी. अखेर थोरलीचा एक माड त्याच्याकडे झुकू लागला. नारळ सदऱ्याच्या बरोबर वर येईपर्यंत तो झुकला, आणि नारळ न सोडता तसाच झुकलेला राहिला.