पाठ केलेली मावशी

तिने बटणाला पँटीत कोंबलं, चेन वर ओढली आणि त्याचा पिवळा फ्रॉक कापडाच्या गठ्ठ्याखाली दडपला. बटण म्हणजे पाच वर्षांचा मुलगा. पडदे शिवणाऱ्या बाईच्या घरात असं नाव पडायचंच. फ्रॉक तिनेच शिवला होता, त्याने हट्ट धरला म्हणून. पोराने काय घालावं याला या घरात कधी आडकाठी नव्हती. आज होती.

“मामाने विचारलं, ही कोण, तर?”

“मावशी.”

“आणि चुकून आई म्हणालास तर?”

“नाही म्हणणार. मामा जाईपर्यंत नाही.”

“शहाणं माझं बाळ.”

म्हणाली खरी, पण तिची तिलाच लाज वाटली. बटणाला दोन आया होत्या. जिच्या पोटी जन्मलं ती मम्मा, आणि ही आई. मम्मा तापाने फणफणली आणि आठवड्याभरात गेली. कागदोपत्री आईचं नाव कुठेच नव्हतं. पोरावर हक्क मम्माच्या धाकट्या भावाचा, आणि तो आज येणार होता. फोनवर एवढंच म्हणाला होता, “मुलाचं काहीतरी बघायला हवं.” तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. दोन बायकांनी इथे संसार थाटला होता हे त्याला कळलं, तर तो उभ्या उभ्या पोराला उचलून नेईल, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. भिंतीवरचा दोघींचा फोटोसुद्धा तिने उतरवून ठेवला.

मामा आला. बस चालवणारा, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. दारात चपला काढून खुर्चीच्या टोकावर बसला.

“मला ओळखलंस का रे?”

“मामा.”

“आणि ह्या कोण?”

बटणाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “मावशी.”

“मावशी?”

“मम्माची मैत्रीण. इथे भाड्याने राहते.”

हे भाड्याचं त्याने पदरचं घातलं होतं. एरवी ती पोट धरून हसली असती.

मामा तिच्याकडे वळला.

“ताई म्हणायची, माझ्या पोराला दोन आया आहेत. मला ते पचलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. वर्षभर अबोला धरला तिच्याशी. ती गेल्यावर वाटलं, दुसरी आहे ना, मग पोर तिच्याजवळच राहू दे. तेच बघायला आलो होतो.” त्याने कपाळ चोळलं. “म्हणजे ताई स्वतःचीच समजूत घालत होती तर. भाडेकरूच्या गळ्यात पोर कसं टाकू? तुम्हालाही तुमचे व्याप असतील. कपडे भरा त्याचे.”

आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

“मी शिकवलं त्याला असं बोलायला,” ती कशीबशी म्हणाली. “भीतीपोटी. मी आई आहे त्याची.”

“आता नेतो म्हटल्यावर?” मामा उठला. त्याच्या आवाजात राग नव्हता, कीव होती, आणि तीच तिला जास्त लागली. “लळा लागतो हो, मला कळतं. पण लहान पोर कशाला खोटं बोलेल? खाली थांबतो मी.”

तो दारात जाऊन चपला घालू लागला. ती बटणासमोर गुडघ्यांवर बसली. तिला रडू आवरेना.

“बटणा, सांग मामाला. खरं सांग. मी कोण?”

बटण गोंधळलं. त्याने दाराकडे चोरून पाहिलं, तिच्या गळ्यात हात टाकले आणि कानाला तोंड लावलं. पण लहान पोराची कुजबुज ती, सगळ्या खोलीला ऐकू गेली.

“आई, मामा अजून गेला नाहीये.”

मामा दारात तसाच उभा राहिला. मग त्याने पायातल्या चपला पुन्हा काढल्या.