एप्रनची घडी

एक्स-रेच्या खोलीत पहिल्या दिवशी मी मोजलं ते असं: यंत्र एक, टेबल एक, शिशाचा पत्रा ठोकलेलं दार एक, जाड काचेची खिडकी एक, भिंतीवर एप्रन टांगायच्या खुंट्या सहा आणि शिशाचे एप्रन सहा. खुंट्यांवर दोन छत्र्या, एक पिशवी आणि साहेबांचा कोट होता. एप्रन कपाटात होते, चार पदरी घडी घालून, एकावर एक, कडेला कड लावून.

साहेब म्हणजे विभागप्रमुख. पाठीमागे सगळे त्यांना घडीसाहेब म्हणत. ते रुमालाची घडी घालत, वर्तमानपत्राची घालत, आणि एप्रनसाठी तर त्यांनी सुताराकडून खास फळी करून घेतली होती. फळीवर एप्रन पालथा टाकायचा, आधी उभा मोडायचा, मग आडवा, आणि घडीवर तळहाताने चांगला दाब द्यायचा. त्यामुळे सहाही घड्या एका साच्यातून काढल्यासारख्या दिसत. इस्पितळाची टापटिपीची ढाल दरवर्षी याच विभागाकडे येई.

मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन तिथे किरणांपासूनच्या सुरक्षेचं काम बघायला नुकतीच लागले होते. एप्रनच्या आत शिसं मिसळलेलं रबर असतं. ते वारंवार मोडलं की आतल्या आत चिरतं, आणि वरचं कापड मात्र साळसूदपणे शाबूत दिसतं.

हे मी साहेबांना सांगितलं.

"चिरतं? अहो, घड्या मी स्वतः घालतो!"

त्यांच्या लेखी विषय संपला. माझ्या लेखी नाही, कारण माझी वहिनी तिथे तंत्रज्ञ होती आणि तिला चौथा महिना लागला होता. घराबाहेर कोणाला पत्ता नव्हता. रडकी पोरं वहिनीशिवाय कोणाला दाद देत नसत. नियमाप्रमाणे पोराला आईबापांनी धरायचं. पण आईबाप पोरापेक्षा जास्त घाबरतात, असा साहेबांचा अनुभव. म्हणून यंत्र चालू असताना पोराला धरून बहुतेक वेळा वहिनीच उभी असे.

"सांगून टाक ना," मी म्हटलं.

"सांगितलं की मला पाकिटांवर शिक्के मारायला बसवतील. तुझ्या दादाने एकदाच विचारलं, 'एप्रन घालतेस ना?' मी हो म्हटलं, तो घोरायला लागला. मी आढ्याकडे बघत पडले. मला एवढंच सांग, एप्रन धड आहे का?"

"त्यासाठी एप्रनचाच एक्स-रे काढावा लागेल."

"मग काढ की, बाई!"

परवानगी साहेबांची हवी होती.

"एप्रनचा एक्स-रे?" ते पोट धरून हसले. "उद्या छत्री भिजू नये म्हणून तिच्यावर छत्री धराल! आणि घडी मोडायची? परवा ढालीची समिती येतेय."

पदवीला जे शास्त्र नव्हतं ते मी वापरलं. "साहेब, वरवरची टापटीप सगळेच दाखवतात. आतली कोणी दाखवली आहे?"

साहेब हसायचे थांबले. "फ्रेम करता येईल?"

"का नाही?"

त्यांनी वरचा एप्रन स्वतःच्या हाताने उलगडून टेबलावर ठेवला. वहिनीने यंत्र लावलं आणि आम्ही तिघं काचेमागे गेलो. पडद्यावर चित्र आलं: पांढराशुभ्र एप्रन आणि त्यावर उभी-आडवी काळी फुली. तिथे शिसं फाटलं होतं आणि किरण आरपार गेले होते.

साहेबांचा ऊर भरून आला. "काय रेघ आहे हो! पट्टीने आखली तरी इतकी सरळ येणार नाही."

वहिनीने जाऊन तो एप्रन अंगात घातला आणि आडव्या घडीवर बोट ठेवलं. ते बेंबीच्या जरा खाली टेकलं.

"साहेब, मला चौथा महिना आहे."

साहेब गडबडले, पण लगेच सावरले. "अरे वा, अभिनंदन! अहो, आधी नाही का सांगायचं? आजपासून तुम्ही एक नाही, दोन एप्रन घालायचे. एकावर एक. तुमच्यासाठी विभाग हात आखडता घेणार नाही."

"दुसऱ्याची घडीही फळीवरचीच ना?"

"म्हणजे काय! केसाएवढा फरक काढून दाखवा."

बाहेर कोणीतरी पोर भोकाड पसरायला लागलं. शिपायाने दार किलकिलं केलं. "ताई, चला लवकर. हा आईला लाथा मारतोय."

वहिनीचा हात सवयीने दाराकडे गेला आणि तिथेच थांबला.

"त्याच्या आईला म्हणावं, दोन मिनिटं खा लाथा," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तू मोज."

मी दोन एप्रन टेबलावर एकावर एक पसरले आणि खाली किरण मोजणारा तांदळाएवढा मापक सरकवला. कडा साहेबांनी जुळवल्या. त्यांना वाकडं बघवत नाही. मग आम्ही तिघं काचेमागे गेलो आणि मी तीन मापं घेतली.

एप्रनशिवाय: दोनशे चाळीस मायक्रोग्रे.

दोन एप्रन, सलग भागाखाली: शून्य.

दोन एप्रन, घडीच्या रेषेखाली: एकशे त्र्याऐंशी.