न्हाणीतला पितळी जोड

मित्रांनो, वैशाखरे गावातल्या रघूच्या न्हाणीत गिझरखाली एक काळपटलेला पितळी जोड दिसतो, तो मी. माझ्या एका तोंडात तांब्याची नळी बसते. दुसऱ्या तोंडावर बाहेरून आटे आहेत, त्यांवर प्लास्टिकच्या नळीचं टोक फिरवून बसवतात. या दोघींना धरून ठेवणं हेच माझं आयुष्य.

भट्टीतला रस साच्यात ओतून मी घडलो आणि मुरबाडच्या एका दुकानात बरणीत पडून राहिलो. रघूची मुलगी मनस्वी बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा बाळाच्या अंघोळीसाठी गिझर आला. त्याच्याबरोबर मी.

रघूने जन्मभर शेतावरच्या मोटारी बसवल्या होत्या. तिथल्या लोखंडी नळ्या पान्यावर अंग टाकून आवळायच्या असतात. इथेही त्याने तेच केलं. त्याची बायको भागीरथी दारात उभी होती.

“अवो, इहिरीवरची मोटार नाय ती. जरा दमानं.”

“तू बाळाचं बघ गो. माझा जोड गळत नाय.”

पाना पुन्हा फिरला. माझ्या आट्यांनी प्लास्टिक आतून ताणलं आणि त्याला केसाएवढी चीर गेली. ती फक्त मला कळली. गार पाण्यात ती मिटून राहिली. नळ सोडून पाहिला, तर सगळं कोरडं. मनस्वीने बापाचं कौतुक केलं.

सकाळी गिझर तापला. गरम झालेलं प्लास्टिक पितळेपेक्षा जास्त पसरतं आणि मऊही पडतं. चीर लांबत चालली. माझ्या बरोबर खाली भागीरथी पाटावर पाय पसरून बसली होती आणि तिच्या पायांवर तेल माखलेलं बाळ होतं. मनस्वी गार पाणी घालून बादलीतलं पाणी विसणत होती. मला ओरडता येत नव्हतं.

चिरेतून एक थेंब सुटला आणि भागीरथीच्या नडगीवर पडला. चटका बसताच तिने वर पाहिलं. बाळाला छातीशी धरून ती उठली आणि तिने मनस्वीला दंड धरून बाहेर ओढलं.

“काय झाला गो?” मनस्वीने विचारलं, तोच प्लास्टिक उभं फाटलं. कढत पाणी रिकाम्या पाटावर कोसळलं.

रघू धावत आला. त्याने वीज आणि पाणी बंद केलं. मग वाफाळणाऱ्या पाटाकडे बघत उभा राहिला.

संध्याकाळी त्याने नवं टोक आणलं. आट्यांवर गळती रोखणारी पांढरी पट्टी गुंडाळून ते हातानेच फिरवलं, मग पान्याने जरासं. सवयीने त्याचा खांदा पुढे झुकला.

“बस,” भागीरथी म्हणाली.

त्याने पाना खाली ठेवला.

ते बाळ आता आजोळी आलं की स्वतः नळ सोडतं. पण गिझर तापला की भागीरथी आधी माझ्याभोवती कोरडं फडकं फिरवून ते ओलं होतंय का बघते. मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्यावर ओल दिसली तर कोणाला आणखी आवळू देऊ नका, तिथून बाजूला व्हा आणि मोठ्यांना सांगा. आम्हाला एका थेंबापलीकडे काही सांगता येत नाही, आणि तो थेंब दर वेळी भागीरथीच्याच पायावर पडेल असं नाही.