गुडघ्याखालची निळी माळ

मी एक जुनी काचमण्यांची माळ आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. विचारणाऱ्याच्या मनात काय असेल, हाच प्रश्न मला आधी पडतो. स्वभावच तसा झाला आहे, मित्रांनो. मूळची मी औषधाची निळी बाटली. औषध संपलं तसं माणसांनी मला उकिरड्यावर फेकलं. मणी घडवणाऱ्या नार्टेने तिथून उचललं तेव्हा वाटलं, चला, कुणी भला माणूस भेटला. त्या भल्या माणसाने मला उखळात घालून कुटलं, मातीच्या साच्यात भरलं, भोकं राहावीत म्हणून मधोमध कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पानांचे देठ खोचले आणि भट्टीत ढकललं. वर दगडावर वाळूपाण्याने घासलं ते वेगळंच. इतकं सोसल्यावर कुणावर पटकन विश्वास बसेल का, तुम्हीच सांगा.

घानातल्या आमच्या क्रोबो मुलखात मूल जन्मलं की त्याच्या अंगावर मणी चढतात. नार्टेची धाकटी मुलगी माकू जन्मली तेव्हा तिच्या आईने तिला दोन माळा बांधल्या. कमरेला हिरवी आणि डाव्या गुडघ्याखाली मी. हिरवी झाली होती बिअरच्या बाटलीपासून, त्यामुळे तिचा तोरा काही औरच. दरवर्षी बाजरीच्या सणाला गाठ सोडायची, दोरा लांब करायचा आणि नवे मणी ओवायचे, अशी रीत. मूल चांगलं पळू लागलं की गुडघ्याखालची माळ उतरवून ठेवतात. माकूच्या आईने माझ्यात दर सणाला मणी घातले. मग ती तापाने गेली. माकूच्या थोरल्या दोघी बहिणी आजोळी गेल्या, आणि वर्षभराने घरात लाको आली, नार्टेची दुसरी बायको. माकू तेव्हा चार वर्षांची होती.

सावत्र आई म्हटल्यावर मी डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. लाको रोज संध्याकाळी माकूला न्हाऊ घाली. न्हाणं झालं की ती माझ्या आणि पायाच्या मधे एक बोट सरकवायची, क्षणभर थांबायची आणि बोट काढून घ्यायची. ते बोट मला मुळीच आवडत नसे. ही नक्की काहीतरी चाचपते आहे, असं मला वाटे. सण आला की हिरवीत नवे मणी पडत. माझ्यात एकही नाही. मी मनात म्हटलं, घ्या, पंक्तिप्रपंच सुरू झाला.

पुढे लाकोला मुलगा झाला, टेटे. तो ताडमाड वाढू लागला. बघता बघता चार वर्षांचा टेटे नऊ वर्षांच्या माकूच्या बरोबरीला आला. बाजारात बायका माकूकडे बघून लाकोला विचारत, "ही धाकटी का?" भर दुपारच्या उन्हात माकूला थंडी वाजायची. आंबवलेल्या मक्याच्या बांकूचा घास हातात तसाच ठेवून ती पेंगायची. चेहरा सुजल्यासारखा, कातडी खरखरीत. पोट तेवढं सुटत होतं.

लाकोने एकदा भीत भीत विषय काढला. नार्टे भट्टीतून साचे काढत होता.

"अगं, कमरेचे मणी वाढताहेत ना? मग पोर वाढतेच आहे," तो म्हणाला. मणी करणारा माणूस, त्याचा मण्यांवरच भरवसा. कमरेची माळ पोट मोजते, उंची नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. हिरवी तर गर्वाने फुगली होती.

मग एके दिवशी नार्टेची बहीण आली. कोर्कोर आत्या. तिच्या संशयापुढे माझा संशय म्हणजे काहीच नाही. तिने माकूला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि तिची नजर माझ्यावर खिळली.

"हे काय गं? एवढी नऊ वर्षांची मुलगी आणि पायात तान्ह्या बाळाची माळ?"

"सैल आहे, वन्सं. अजून होते तिला, म्हणून ठेवली," लाको म्हणाली.

"होते कशी? बांधून ठेवलीस म्हणून होते! नार्टे, बघ रे तुझ्या बायकोची करणी. आपलं पोर मोकळं सोडलं आणि सवतीच्या पोरीची वाढ गुडघ्यात बांधली."

"वन्सं, एकदा बोट घालून तरी बघा."

"मी कशाला घालू? मला काय मरायचंय?"

आत्याने कात्री आणली आणि मला कापलं. मणी अंगणभर उधळले, कोंबड्या टोचायला धावल्या. आत्या म्हणाली, "या शनिवारी हिला डोंगरापलीकडच्या प्रार्थनेच्या तळावर नेते. उपाशी ठेवून अंगातलं भूत काढतात तिथे. पोर सुटल्याशिवाय परत आणणार नाही."

माकू लाकोच्या पाठीमागे लपली. "आई, मला उपाशी नको ठेवू देऊस," एवढंच ती म्हणाली. नार्टे भट्टीकडे वळला. लाकोने धुळीतून एकेक मणी वेचला आणि मला पदरासारख्या कापडाच्या टोकात बांधलं.

"शनिवारी न्या, वन्सं. पण त्याआधी एक दिवस मला द्या. मोठ्या दवाखान्यात दाखवते."

"दाखव की. मीपण येणार. वाटेत तू काय पाजशील, कुणी सांगावं?"

दवाखान्याच्या बाकावर बसून लाकोने मला पुन्हा ओवलं. दोरा नवा, पण माप जुनंच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तक्रार काय?"

"तक्रार ही बसलीय," आत्या लाकोकडे बोट दाखवून म्हणाली.

लाकोने टेबलावर दोन माळा ठेवल्या. "ही धाकट्याची, गुडघ्याखालचीच. दर सणाला मणी घालावे लागले. आणि ही हिची. मी घरात आले तेव्हापासून एकही घालावा लागला नाही. रोज बोट घालून बघते, आज तरी घट्ट झाली असेल म्हणून. पण सगळे म्हणतात, कमरेत भरतेय की. सावत्र आईने तोंड उघडायचं तरी कुणाजवळ?"

मित्रांनो, म्हणजे ते बोट इतकी वर्षं माप घेत होतं.

डॉक्टरीणबाईंनी माकूला भिंतीशी उभं करून उंची घेतली, गळा चाचपला, रक्त काढलं. "हिला अजिबात उपाशी ठेवायचं नाही," त्यांनी आत्याला बजावलं. "आणि ही माळ फेकू नका. पायातच असू द्या." आत्या एक शनिवार थांबायला तयार झाली, कुरकुरत.

तपासणीचा निकाल आला. गळ्यात एक ग्रंथी असते, अंगाला वाढायला लावणारा रस तीच करते. माकूची ग्रंथी जवळजवळ झोपली होती.

"कुणी झोपवली?" आत्याने विचारलं, लाकोवरची नजर न काढता.

"कुणीच नाही. शरीराचं कधीकधी असं बिघडतं. रोज पहाटे रिकाम्या पोटी एक गोळी द्यायची. चुकवायची नाही. आणि सांगेन तेव्हा रक्त तपासायला यायचं."

"मग गोळ्या माझ्याकडे राहतील," आत्या म्हणाली.

झालं. आत्याने मुक्काम ठोकला. कोंबडं आरवलं की ही हजर. माकूला गोळी द्यायची, तोंड उघडायला लावायचं, जिभेखाली बघायचं, आणि लाकोने केलेली पेज बऱ्याच वेळाने पुढे येऊ द्यायची. लाको रोज पेज पुन्हा गरम करी. पण आत्याच्या संशयापायी एकही पहाट चुकली नाही.

हळूहळू माकूची थंडी गेली. सुजलेला चेहरा उतरला. ती टेटेच्या मागे धावू लागली, शाळेत जागी राहू लागली. आणि एका सकाळी मला कुणीतरी आवळल्यासारखं वाटलं. रात्रीत कुणी गाठ आखडली? माझा पहिला संशय, सवयीने, लाकोवरच.

आत्याने गोळी दिली आणि कसं कोण जाणे, माझ्याखाली बोट घालू पाहिलं. बोट जाईना.

"लाको, इकडे ये. तू घाल बघू. माझं बोट जाड आहे."

लाकोचंही बोट जाईना. ती उंबऱ्यावर बसली आणि मोठ्याने रडली.

"रडतेस काय? मणी आण. निळेच आण," आत्या म्हणाली. तिने एकेक मणी ओवला. मग दोऱ्याची दोन्ही टोकं लाकोच्या हातात दिली. "गाठ तू मार. तुझ्या हाताची टिकते."

आता मी माकूच्या मनगटावर असते. पायाला होणं केव्हाच थांबलं.

मित्रांनो, संशय घेऊ नका असं मी कोणत्या तोंडाने सांगू? जरूर घ्या. पण माणसावर घेण्याआधी मापावर घ्या. वर्गातलं एखादं मूल सगळ्यांच्या मागे राहिलं, गेल्या सणाचे कपडे त्याला याही सणाला आले, तर त्याला हसू नका, त्याच्या घरच्यांबद्दल कुजबुजू नका. दवाखान्यात न्यायला सांगा. आणि त्या घरात रोज बोट घालून बघणारं कुणी असेल, तर त्याला विचारा, तुला काय दिसतंय म्हणून. लाकोला इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.