पडद्यावरची लाल खूण

मित्रांनो, मी रक्त तपासणारे एक जुने यंत्र आहे. एका छोट्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, हात धुण्याच्या बेसिनशेजारी माझे टेबल आहे. कारखान्यात माझ्या पोटात बारीक नळ्या आणि प्रकाशाचा एक झोत बसवला. त्या झोतासमोरून रक्तातली एकेक पेशी जाते आणि मी ती मोजते. हिवतापाचे जंतू पेशीत शिरले असतील, तर प्रकाश वेगळाच विखुरतो. मग मी पडद्यावर लाल खूण दाखवते. ती नुसती शंका असते. खात्री माणसाने सूक्ष्मदर्शकातून करायची.

आमच्या प्रयोगशाळेतल्या ताई ही खात्री मन लावून करत. एकदा तापाने फणफणलेली एक गरोदर बाई आली. डॉक्टरांना साधा ताप वाटला होता, म्हणून त्यांनी फक्त पेशी मोजायला सांगितल्या होत्या. माझी खूण पाहून ताईंनी काचेवर रक्ताचा थेंब पसरला, रंगवला आणि डॉक्टरांना बोलावले. दोघांनी आळीपाळीने पाहिले. हिवतापच होता. लगेच औषध सुरू झाले. पुढे ती बाळाला घेऊन आली, तेव्हा तिच्या सासूने माझ्यावरून हात फिरवला. मला भरून आले.

मग ताई निवृत्त झाल्या. कामाचा रेटा वाढला. मला धुण्याचे द्रावण कधी मिळे, कधी नाही. नळ्यांत मळ साचला आणि मी निरोगी रक्तावरही खुणा करू लागले. त्यांच्या जागी आलेले नवे तंत्रज्ञ वैतागले. याला जिकडेतिकडे हिवतापच दिसतो, असे म्हणून ते माझ्या खुणांकडे काणाडोळा करू लागले. बिचारे एकटेच सगळे ओढत होते.

अशातच एक गवंडी आला. त्याच्या रक्तावर मी केलेली खूण खरी होती. कुणी पाहिली नाही. अहवाल घेऊन तो घरी गेला आणि परत आला तो बेशुद्ध होऊनच. आता निदान झाले, पण फार उशीर झाला होता; तो वाचला नाही.

त्याची बायको प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"आम्ही आधी रक्त दिलं होतं ना? तेव्हा काहीच दिसलं नव्हतं का?"

तंत्रज्ञांनी जुना अहवाल पडद्यावर काढला. त्यावर माझी लाल खूण होती.

"दिसलं होतं, वहिनी. मी बघितलं नाही."

 ती चौकट धरून खाली बसली.

आता ते सकाळी आधी मला धुतात, मगच कामाला लागतात. प्रत्येक खुणेची काच स्वतः पाहतात. मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. मला स्वच्छ ठेवा आणि मी शंका घेतली, तर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तो थेंब कुणाच्या तरी घरच्या माणसाचा असतो.