काविळीची माळ

माळेतली एक काडी गळ्याला टोचत होती – उजव्या बाजूला, शिरेच्या बरोबर वर. नचिकेतने ती बोटाने बाजूला सारली. ती पुन्हा तिथेच आली. कावीळ उतरते तशी माळ लांबत जाते, असं जवळा बाजार गावातल्या माळवाल्याने आईला सांगितलं होतं, आणि गेले नऊ दिवस आई रोज सकाळी त्याच्या छातीवर वीत लावून माळ मोजत होती.

“बघ, आज पार खाली आली. उतरून राहिली कावीळ.”

दोरा सैल होतो, आई... आणि मान बारीक होते. त्याच्या मनात आलं. कावीळ हा शब्द त्यानेच तिला दिला होता. आठ महिने पोट पाठीपर्यंत जळत होतं, तेव्हा डॉक्टर हसून म्हणाला होता, “एकतिसाव्या वर्षी कसलं काय? वेळेवर जेवत जा.” मग डोळे पिवळे झाले, मग नांदेडला स्कॅन – स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पोचलेला, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला – आणि घरी औंढ्याला परतताना एसटीत त्याने एवढंच ठरवलं, आईला सांगायचं नाही. त्या डॉक्टरचा जबडा मात्र तो रोज मनातल्या मनात फोडत असे. दात, हिरड्या, सगळं सावकाश.

“अजून दोन बोटं लांबली की तूप-पोळी देते तुला,” आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता.

तो आनंद त्याला सोसवला नाही. त्याने हिसडा दिला, माळ तुटली, काड्या फरशीभर उडाल्या. “काहून रे –” म्हणत ती वेचायला वाकली, आणि त्याने तिला दोन्ही हातांनी ढकललं. कपाळ चौकटीवर आपटलं. रक्त भुवईतून डोळ्यात उतरलं. तरी मुठीत चार काड्या होत्याच, म्हणून त्याने ती मूठ पिरगळली, बोटं कडकड वाजेपर्यंत.

तिने दुसरा हात डोक्यावर घेतला.

“अहो, नका... पोरगं उठंल.”

वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. आणि पोरगं म्हणजे तोच – वडील तिला मारत त्या रात्री चादरीखाली डोळे घट्ट मिटलेला, जागा.

त्याने मूठ सोडली. कावीळ नाही, आई... हे आता सांगता आलं असतं. पण त्याला भलतंच जाणवत होतं. पोट दुखत नव्हतं. तिला ढकलल्यापासून क्षणभरही दुखलं नव्हतं. अंगात ऊब होती, ताकद होती, हातांना अजून हवं होतं... तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, हात काखेत दाबून, आणि दुखणं परत यावं म्हणून जिवाच्या आकांताने वाट पाहू लागला.